मोहिते मास्तरांच्या हाताखाली

"घरचा पत्ता लिवला का?"

आमच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विजेच्या मशीन लॅबच्या दारात, ती लॅब सांभाळणारे मोहिते मास्तर प्रत्येकाला हा प्रश्न विचारायचे. दाराशी एक जाड वही असे. तिच्यात नाव, गाव आणि तार कुणाच्या नावानं करायची तेही लिहायचं. आटपाडीच्या एकानं "कशाला?" म्हणून विचारलं, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "इजेचा शाक बसल्यावर तुला सांगता यायचं न्हाई."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मास्तर मूळचे कुंडलचे, फौजेतून निवृत्त झालेले. सांगलीत एका खोलीत एकटेच राहत. चहासुद्धा रबरी चटईवर उभं राहून पीत. कोपऱ्यातल्या मोठ्या मोटरीला ते 'वाघीण' म्हणत आणि सकाळी आम्हाला बजावत, "आज उपाशी हाय ती. सांभाळून."

मी पाटणचा, शेवटच्या वर्षाला. शिकवणाऱ्याची एक जागा रिकामी होती, म्हणून प्राध्यापकांनी दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स माझ्या गळ्यात घातली. मला सगळ्याचीच भीती वाटायची. मुलांच्या प्रश्नांची भीती, वाघिणीची भीती, आणि सगळ्यांत जास्त मास्तरांची.

एकदा चार मुलांनी वाघिणीच्या तारा जोडल्या आणि विचारलं, "सर, बरोबर आहे ना?"

एक तार कुठं जातेय ते मला नीट कळेना. मास्तर दहा पावलांवर होते. पण विचारलं तर ते सगळ्यांसमोर म्हणणार, "तुला शिकवाय कुणी बसवलं रं?" मी म्हणालो, "बरोबर."

बटण दाबलं. ती तार सैल होती. तेवढी एक निसटली, की ती मोटर बेफाम पळत सुटते. गुणगुण होती तिची किंकाळी झाली. जमीन हादरायला लागली. त्या चौघांतला शिंदे टेबल धरून दगडासारखा उभा. मेन स्विच ओढायचा, हे मला पाठ होतं. पाय हलेनात.

मास्तर स्टूल उडवून धावले आणि स्विच ओढला.

मशीन हळूहळू थांबलं. मुलांना बाहेर पाठवून ते मला म्हणाले, "तू थांब."

आता संपलंच, असं मला वाटलं.

"तपासलं हुतंस?"

"कळलं नव्हतं, मास्तर. विचारायची भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमची."

मास्तरांनी आडवं पडलेलं स्टूल उभं केलं आणि मटकन त्यावर बसले. मग खाली बघत म्हणाले, "मला वाटायचं, पोरांस्नी माझं भ्या असलं म्हंजी जगतील. फौजेत माझ्या हाताखाली एक जवान हुता. त्यानं बी मला इचारलं न्हाई. त्याच्या घरला तार मीच केली."

मी वाकून ती निसटलेली तार गुंडाळली.

लॅब बंद करताना त्यांची किल्ली कुलपात जाईना. "तू लाव गड्या," ते म्हणाले. मी कुलूप लावलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "उद्या येशील न्हवं?"

"येतो, मास्तर."

दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला मी त्यांना अकरा वेळा विचारलं. काही प्रश्न तर निव्वळ बावळट होते. मास्तर अकराही वेळा उठून आले.