तीनशे तीनचा अर्ज

उदगीरला लेकीच्या सासरी जाऊन आल्यापासून गुंडप्पांना जेवण गोड लागेना. रत्नम्मांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी आपटून त्यांनी विचारलंच, "शिवकांता बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"जावई?"

"त्ये बी बरे हायेत."

"मग तुमालाच काय झालंय?"

गुंडप्पांना जे झालं होतं ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्या व्याह्यांनी, रेवणसिद्धांनी, रायफल घेतली होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं, म्हणून काही हौशी मंडळींनी नेमबाजीचं मंडळही काढलं. पाऊस नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं, पण मंडळ होतं. रेवणसिद्ध त्याचे सभासद झाले, फौजेनं मोडीत काढलेली एक जुनी रायफल त्यांनी परवान्यावर मिळवली आणि बैठकीत, येणाऱ्याच्या थेट नाकासमोर लटकवली. गुंडप्पांच्या हातातला चहा संपेपर्यंत ते तिच्याबद्दलच बोलत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्या अहमदपुरात असले शौक कुटले म्हना! तुमी आपल्या घागरी विका, इवाई."

घागरी विकण्यात वाईट काही नव्हतं. गुंडप्पांचं भांड्यांचं दुकान बाजारात जुनं होतं, आणि दुष्काळात तर घागरींना मागणी फारच होती; लोकांकडे पाणी नव्हतं, पण ते आलंच तर भरायला भांडं हवं. तरीही मुलीच्या बापाला असं बोलायचं आणि त्यानं मान हलवत ऐकून घ्यायचं, हे गुंडप्पांच्या काळजाला लागलं. एसटीत बसल्याबसल्याच त्यांनी ठरवलं की आता रायफल घ्यायची, आणि तीही व्याह्यांच्या रायफलीपेक्षा वजनदार.

सल्ला घ्यायला ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लिंबाजी हवालदाराकडे गेले. लिंबाजी सतरा वर्षं फौजेत काढून आला होता आणि त्याच्याकडे हैदराबादच्या एका बंदुकांच्या दुकानाची यादी होती. त्यानं मोठ्या उत्साहानं एकेका हत्याराचे गुण सांगितले. गुंडप्पांनी मात्र आपल्या धंद्याच्या हिशेबानं चौकशी केली.

"पितळ कशात जास्त हाय?"

"शेट, रायफल हाय, समई न्हाई. पितळ फकस्त काडतुसाला."

"बरं, आन् मोडीत काढलेली म्हंजे? मी मोडीत घेतो तसं किलोवर?"

लिंबाजीनं कपाळाला हात लावला. "नगावर. तुमी माझं ऐका, थ्री नॉट थ्री घ्या. तीनशे तीन बोअर, बोअर म्हंजे नळीचं माप. मी सतरा वर्सं खांद्यावर वागवली, एकदा बी दगा दिला न्हाई. पर घरी इचारलं का?"

"घरी कळालं तर रायफल न्हाई आन् मी बी न्हाई," गुंडप्पा म्हणाले. गळ्यात इष्टलिंग असलेल्या माणसानं बंदूक आणली म्हणजे रत्नम्मा काय म्हणतील, हे त्यांना पाठ होतं. आपल्याला जीव मारायचा नसून कागदावरचं निशाण मारायचं आहे, हे सांगेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं असतं असं नाही. परवाना हातात येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

सगळा घोळ या गुप्ततेनं झाला. बसस्टँडजवळ विरूपाक्ष नावाचे अर्जनवीस बसत. निजामाच्या काळापासून लोकांचे अर्ज लिहून लिहून त्यांना असं झालं होतं की, माणूस समोर बसला की अर्धा अर्ज ते विचारायच्या आधीच लिहीत. त्या उन्हाळ्यात तर सगळे एकच अर्ज लिहवून घेत होते. गुंडप्पा गेले तेव्हा आसपास दहाबारा माणसं टेकली होती आणि त्यातली चार रत्नम्मांच्या माहेरची होती. गुंडप्पा विरूपाक्षांच्या कानाशी वाकले.

"एक अर्ज लिवा. तीनशे तीन बोअर."

"बोअर," विरूपाक्षांनी लिहून टाकलं. "तीनशे तीन? लई झालं की हो. लोक दोनशे मागतेत."

"लोकांचं लोकाला. मला तीनशे तीनच पायजे."

"बरं. कारण?"

गुंडप्पांनी मागे पाहिलं. सासुरवाडीची चारही माणसं कान टवकारून बसली होती. "कारण... सगळ्यांचं काय लिवता?"

"सगळ्यांचं एकच कारण हाय."

"मग तेच लिवा."

"कुटं मारायचं?"

"मारायचं तिकडं लातूरला."

विरूपाक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "राहायचं अहमदपुरात आन् मारायचं लातूरला? असं कसं देतेत? अंगणात लिवतो."

अंगणात गोळ्या झाडायच्या कल्पनेनं गुंडप्पांना घाम फुटला, पण सरकारी कागदाला काय लागतं ते अर्जनवीसालाच कळणार. तेवढ्यात सासुरवाडीचा एक जण उठून जवळ येऊ लागला, तशी त्यांनी न वाचताच सही ठोकली आणि अर्ज टपालात टाकला.

महिनाभरानं एक साहेब जीपमधून चौकशीला आले. रत्नम्मा टँकरच्या रांगेत होत्या, म्हणून गुंडप्पांनी निर्धास्तपणे साहेबांना अंगणात खुर्ची दिली. साहेबांनी अंगणाच्या चारही कोपऱ्यांत पाय आपटून पाहिले, मग वही उघडली.

"वापरणार कोण?"

"मी एकटाच, साहेब. दुसऱ्याला हात लावू देणार न्हाई."

साहेबांचा चेहरा बदलला. "मग मंजूर होणार नाही. सगळ्या गल्लीनं वापरलं पाहिजे. तुम्ही कुणालाही अडवायचं नाही, तसं लिहून द्यावं लागेल."

"सगळ्या गल्लीनं?" गुंडप्पांचा आवाज चिरकला. "बायका बी?"

"बायकाच तर वापरतात. पुरुष कुठं हात लावतात?"

गुंडप्पांच्या डोळ्यांपुढे सगळ्या गल्लीतल्या बायका पदर खोचून रायफलीसमोर ओळीनं उभ्या राहिल्या, आणि त्या ओळीत सर्वांत पुढे रत्नम्मा होत्या. पण त्यामागून रेवणसिद्धांचा चेहरा दिसला. नवा जिल्हा आहे, नवे कायदे असतील, असं मनाशी म्हणत त्यांनी तेही लिहून दिलं.

"आणि पोरं दांड्याला लोंबकळतात," साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "तेवढं लक्ष ठेवा."

पंधरा दिवसांनी सकाळी सकाळी गल्लीत धडधडत एक प्रचंड गाडी शिरली. तिच्या पाठीवर लोखंडी मनोरा आडवा पडला होता. एवढीशी रायफल पोचवायला एवढी मोठी गाडी कशाला, असा विचार करत गुंडप्पा पुढे झाले. गाडीवाल्यानं कागद दाखवला: अर्जदार गुंडप्पा, समस्त गल्लीच्या पिण्याच्या पाण्यासाठी, राहत्या घराच्या अंगणात, तीनशे तीन फूट बोअर.

गुंडप्पा कागद तिथल्या तिथं परत करणारच होते. "चूक झाली, गाडी वळवा," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तोवर गल्ली गोळा झाली होती. लिंबाजीची बायको कोंडाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन धावतच आली आणि गुंडप्पांच्या पायांशी वाकली. "शेट, तिसऱ्या दिवशी टँकर येतंय, त्यात बी माझी पाळी येईस्तोर खडखडाट. तुमी कुणाला न सांगता एवढं केलाव?" रत्नम्मा दारात उभ्या होत्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"अवो, म्हून जेवत नव्हता व्हय तुमी?" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आता ह्या बाईला खरं कोणत्या तोंडानं सांगायचं? गुंडप्पा नुसतं "हाव" म्हणाले. गर्दीत उभ्या असलेल्या लिंबाजीनं तोंडात पंचा कोंबला होता आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते.

कोंडाबाईनं नारळ फोडला आणि मशीन सुरू झालं. दीडशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा उडाला आणि गल्लीतली सगळी माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसू लागली. दोनशेला गाडीवाल्यानं यंत्र थांबवलं. "शेट, कोरडं हाय. सगळीकडं दोनशेलाच सोडून देतो आमी."

गुंडप्पा सुटलो म्हणून उठणार, तोच लिंबाजी पुढे झाला आणि फौजी आवाजात ओरडला, "कागदावर किती हाय? तीनशे तीन! मग तीनशे तीन मारायचं. मधीच थांबायचं काम न्हाई!" बायकांनीही एकच गिल्ला केला. गाडीवाला कुरकुरत पुन्हा कामाला लागला. अडीचशे झाले, पावणेतीनशे झाले. गुंडप्पांचाही जीव आता खाली त्या भोकात अडकला होता. रायफल गेली खड्ड्यात, पण ह्या बायांना रिकाम्या घागरी घेऊन परत जावं लागलं तर आपल्याला अन्न जाणार नाही, असं त्यांना खरोखरच वाटू लागलं. तीनशे तीनला दोन फूट कमी असताना फुफाट्याचा चिखल झाला, आणि पाठोपाठ पाण्याचा लोट शेजारच्या छपराइतका उंच उडाला.

"थ्री नॉट थ्री, शेट!" भिजलेला लिंबाजी गुंडप्पांच्या कानात ओरडला. "म्हनलं न्हवतं, दगा देत न्हाई?"

आठ दिवसांत हातपंप बसला. गुंडप्पा अंगणात खुर्ची टाकून बसू लागले आणि येणारीजाणारी बाई त्यांना नमस्कार करू लागली. बातमी उदगीरला पोचायला वेळ लागला नाही. रेवणसिद्ध स्वतः आले, पंपाचं पाणी दोन तांबे प्याले आणि रायफलीचं नावही त्यांनी काढलं नाही. गुंडप्पांना आयुष्यात एवढं समाधान कधी मिळालं नव्हतं.

"तुमच्या उदगिरात न्हाई का असलं काई?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुटलं आलंय, इवाई!" रेवणसिद्ध एकदम मऊ झाले. "टँकर आला तर आला. मी म्हनतो, पाऊस पडंस्तोर आमची मंडळी हितंच ठेवावी. सुनेचं माहेर म्हंजे काय परकं हाय का? तुमी नगं म्हनणार न्हाई, मला ठाऊक हाय."

मुलीचा बाप नको कसा म्हणणार? चौथ्या दिवशी टेम्पो आला. त्यातून रेवणसिद्ध, त्यांच्या पत्नी, दोन भाऊ, भावजया, शिवकांता, जावई आणि भावांची पोरं मिळून अकरा माणसं उतरली. रिकाम्या घरात ठेवणं बरं नव्हे म्हणून रायफलही बरोबर आली आणि गुंडप्पांच्या पुढच्या खोलीत, शिवपार्वतीच्या तसबिरीखालच्या खुंटीवर बसली. रत्नम्मांना वाटलं होतं त्यापेक्षा ती कमीच भयानक दिसली. "इवाईंची हाय म्हंजे चांगलीच असंल," एवढंच त्या म्हणाल्या.

रेवणसिद्धांना अंघोळीला चार बादल्या लागत. गुंडप्पांची पाळी बाराव्या नंबरला येई, आणि तोवर दुकानाची वेळ झालेली असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी रोज तीनदा अंगणात येऊन आभाळ बघायला सुरुवात केली. आभाळ स्वच्छ, निळंभोर होतं.

"इवाई!" न्हाणीतून तिसऱ्या बादलीच्या खळखळाटावर आवाज आला. "रिकामेच बसला असाल तर तेवढी रायफल पुसून घ्या हो. परवा लातूरला नेमबाजी हाय. नळी आतून पुसा, आन् घोड्याला हात लावू नका, परवाना माझ्या नावानं हाय."

गुंडप्पांनी रायफल खुंटीवरून उतरवली. अपेक्षेपेक्षा ती बरीच जड होती. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि आत हाक मारली, "अवो, एकादं जुनं फडकं द्या."