भुवयांची समता

मनुष्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही. म्हणूनच तो इतरांच्या सोयीसाठी नीटनेटका राखणे हे सुसंस्कृत समाजात कर्तव्य मानले जाते. या कर्तव्यबुद्धीनेच तक्रार निवारण कक्षाच्या प्रमुख बाईंनी, संचालकपदाची मुलाखत जवळ आली असता, चेहऱ्याची त्वचा ताणून घेतली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. (शस्त्रक्रिया नेहमी उत्तमच होते; जे काही होते ते नंतर होते.) संभाव्य गुंतागुंतींची ओळख डॉक्टरांनी आधीच करून दिली होती. रक्त साकळले तर ते तत्काळ काढावयाचे, कानामागची त्वचा काळवंडली तर मलमपट्टी करावयाची आणि नस दुखावली तर वाट पाहावयाची. पहिली दोन कामे डॉक्टर करतात. तिसरे रुग्णाकडे सोपविण्याची थोर प्रथा आहे.

बाईंची नस दुखावली. उजवी भुवई पूर्ववत वर जाई. डावी जागची हलेना.

"ताई, अगं, अर्ध्या तोंडाने संशय घेतेयस माझा!" धाकटी बहीण म्हणाली.

आजवर प्रत्येक गाऱ्हाण्याला त्या दोन्ही भुवया उंचावून दिलासा देत आल्या होत्या. आता एकटी उजवी वर जाताच तक्रारदार चवताळू लागले, "म्हणजे मी खोटं बोलतोय का?" लवकरच बाईंविरुद्ध तक्रारी आल्या आणि नियमानुसार निवारणार्थ बाईंकडेच आल्या.

"डॉक्टर, मुलाखत समितीला वाटेल मी थट्टा करतेय त्यांची!"

"मॅडम, नस मेलेली नाही, रुसलीय. काही महिन्यांत येईल ठिकाणावर."

"अहो, मुलाखत तोंडावर आलीय!"

डॉक्टरांनी उजव्या भुवईवर बोट ठेवले. "मग उजवीलाही गप्प करू."

या उपायास शास्त्राची पूर्ण मान्यता आहे. निरोगी बाजूस बोटॉक्सची सुई टोचून तीही निश्चल केली की व्यंग उरत नाही. उरते ती समता.

मुलाखतीत समितीने बाईंना अक्षरशः सोलून काढले. पदराआड त्या रुमाल पिळत होत्या. कपाळावर मात्र रेषाही उमटली नाही. 'विलक्षण धीरोदात्त' असा शेरा मारून समितीने त्यांना एकमताने संचालकपदी नेमले आणि कक्षही त्यांच्याकडेच ठेवला.

काही महिन्यांनी, एका वृद्धाची कैफियत ऐकताना, डावी भुवई किंचित हलली. बाई तडक दवाखान्यात धावल्या. "डॉक्टर, काहीतरी करा, बरी व्हायला लागलीय!" ही गुंतागुंत सर्वांत गंभीर मानून डॉक्टरांनी त्याच दिवशी दोन्ही बाजूंना सुया टोचल्या.

तेव्हापासून कक्षाची कीर्ती वाढतच आहे. आपली तक्रारही मागच्या खेपेस बाईंनीच ऐकली. तिचे पुढे काहीच झाले नाही, पण "किती शांतपणे ऐकून घेतलं हो त्यांनी!" असे घरी येऊन चारचौघांत आपणच तर सांगितलेत.