बंगाली: अर्थ आणि आमच्या गावातला उपयोग

शब्दाचा अर्थ ठरवणे हे विद्वानांचे काम आहे आणि तो अर्थ न वापरणे हे जनतेचे.

इंग्रजी कोशात ‘बेंगॉली’ या शब्दाला तीन अर्थ दिले आहेत: बंगालचा माणूस, बंगालची भाषा, आणि बंगालशी संबंधित जे काही असेल ते. देऊळघाटाच्या पुढे आमचे गाव आहे. तेथे हे तिन्ही अर्थ पोचलेले नाहीत. (एसटी पोचते.) म्हणून गावापुरत्या पुढील नोंदी करण्यात आल्या आहेत.

बंगाली, नाम. डॉक्टर. तपासण्याआधी सुई देतो. बंगालचा असण्याची अट नाही. (मागचे बंगाली मलकापूरचे होते. त्याआधीचे खरोखर बंगालचे होते म्हणतात, पण ते मूळव्याधीखेरीज कशावरच बोलत नसत, त्यामुळे खात्री झाली नाही.)

बंगाली, विशेषण. लांबचा. ज्याच्या आडनावावरून काही समजत नाही, म्हणून जे विचारले जात नाही. अशा माणसाने अंगाला हात लावला तरी घरी काही सांगावे लागत नाही.

वाक्यात उपयोग.

मागच्या उन्हाळ्यात सोनाळ्याचे डॉ. प्रसेनजित यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत दवाखाना उघडला. एम.बी.बी.एस., सरकारी कॉलेज, हसतमुख. दारावर टिनाची पाटी. तीवर नाव आणि आडनाव. पहिल्या दोन महिन्यांचा तपशील: पाटी वाचणारे, एकशे बारा, वाचून पुढे गेलेले, एकशे दहा, आत आलेले, दोन. (पैकी एक, जुना बंगाली कुठे गेला ते विचारायला.) आपल्याच जिल्ह्यात दवाखाना चालवायचा हे डॉक्टरांचे शाळेपासूनचे वेड. पण बाकडे रिकामेच राहिले, तेव्हा त्यांनी पुण्याच्या एका इस्पितळाला होकार कळवून सामान बांधायला घेतले.

त्याच संध्याकाळी वावटळीने पाटीचा उजवा तुकडा उडवला. उरले: डॉ. प्रसेनजित.

जुना डॉक्टर गेला आणि नवा बंगाली आला, असे गावाने धरले. (दोघांचा चेहरा एकच होता, पण जुन्याचा चेहरा कोणी पाहिलाच नव्हता.) आठवड्यात एकसष्ट पेशंट. डॉक्टरांनी पुण्याकडून मुदत मागून घेतली.

झुंबरबाई गुडघा दाखवायला आल्या. म्हणाल्या, “डॉक्टरसाब, तुम्ही आमची भाषा लय लवकर शिकले.”

“मी सोनाळ्याचाच आहो, मावशी.”

“तरीच. तिकडं चांगलं शिकवतात.”

डॉक्टर रोज खरे सांगत. गाव रोज कौतुक करी. एवढे प्रामाणिक बंगाली पूर्वी आले नव्हते.

श्रावणात डॉक्टरांची आई महामाया भाकरी-ठेचा घेऊन आल्या आणि बाकड्यावर बसल्या.

शेजारी बसलेल्या पंचफुलाबाईंनी विचारले, “बंगालहून आल्या काय? थकल्या अससान.”

“कायचं बंगाल, बाई? एसटीनं आली. उभ्यानं.”

रांगेतल्या महादेवरावांनी, म्हणजे गावच्या कारभाऱ्यांनी, खोकून आडनाव विचारले. महामायाबाईंनी सांगितले, ऐकू आले नसेल म्हणून मोठ्याने सांगितले, घर गावाच्या कोणत्या बाजूला तेही सांगितले. बाकडे साडेचार मिनिटांत रिकामे झाले. (सरकारी दवाखान्यांनी या पद्धतीचा अभ्यास करावा.)

रात्री बैठक. प्रश्न कठीण होता, कारण महादेवरावांची साखर आठ वर्षांत प्रथमच उतरली होती. साधकबाधक विचारांती ठराव झाला तो असा: डॉक्टर बंगाली आहेत. त्यांची आई सोनाळ्याची आहे. दोन्ही बाबी स्वतंत्रपणे मंजूर.

ठराव कळवायला महादेवराव स्वतः गेले.

“तुम्ही फक्त पाटी अशीच ठेवा. बाकी गाव पाहून घेते.”

“पाटी रंगवायले टाकली, काका. पुऱ्या नावाची.”

“काऊन?”

“माह्या बापाचं नाव हाय ते. मंगळवारपर्यंत पाहतो. कोणीच नाही आलं तर पुण्याले जातो.”

“चांगला चालता दवाखाना बुडवता राजेहो,” महादेवराव म्हणाले, आणि जाता जाता पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून घेतल्या.

मंगळवारी नवी पाटी लागली. अक्षरे वीतभर; आडनाव तर फाट्यावरून दिसावे असे. ओट्यासमोर पन्नासेक माणसे जमली आणि वाचू लागली. (आमच्या गावात साक्षरता समाधानकारक आहे.) दुपारपर्यंत वाचन चालू राहिले. आत डॉक्टर आणि बांधलेली पेटी.

तेवढ्यात गर्दीतून झुंबरबाई लंगडत आल्या.

“सरका बे. रस्ता देऊन राह्यले का नाही?”

कोणीतरी म्हणाले, “मावशी, पाटी पाहिली काय?”

“मले कुठं वाचता येते,” झुंबरबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

डॉक्टरांनी पेटी सोडली. गुडघ्याला लावायचे मलम तिच्यातच होते. पुण्याला नकार गेला.

इतर मंडळी अजून ओट्यासमोर आहेत. सुशिक्षित आहेत, सावकाश वाचतात. पाटीवरचे आडनाव या लेखात दिलेले नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. मधे दोनदा आपण ते शोधलेतही. या, ओट्यासमोर जागा आहे.