लाभशंकरभाईंची दुपार

आमच्या सौराष्ट्रात दुपारी एक ते चारच्या दरम्यान माणूस गेला, तरी शेजाऱ्यांना चारनंतर कळवायची रीत आहे. नगरपालिकेत जन्म-मृत्यूचे दाखले देणारे लाभशंकरभाई दुपारच्या झोपेची ही रीत सेवेत लागल्यापासून इमानेइतबारे पाळत होते. पण पित्ताशयातले खडे काढायला त्यांना पूर्ण भूल दिली आणि तिथंच घात झाला. टाके सुकले, जेवण सुरू झालं, दुपारची झोप मात्र उडाली ती उडालीच.

"भुलीनंतर काहींची झोप बिघडते. महिनोन्‌महिने सुद्धा," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुपारी काहीतरी काम करत जा."

नगरपालिकेच्या माणसाला असला सल्ला द्यायचा म्हणजे कमालच. पण लाभशंकरभाई पडले सरळमार्गी. टेबलावरची उशी बाजूला सारून ते दाखले लिहू लागले. बघता बघता सगळे तुंबलेले दाखले निकाली निघाले आणि लोकांना निरोप गेले, की दुपारी या, हातोहात मिळेल.

गावात एकच बोंब उठली.

"नातवाचा दाखला अडला होता तोवर सुखात होते हो," जसुमतीबेन झोपाळलेल्या डोळ्यांनी करवादल्या. "आता सून मला सासूला म्हणते, बा, तयार आहे ना, मग जाऊन या की. भर दुपारी!"

अख्ख्या गल्लीनं तक्रारीवर सह्या केल्या. मुख्याधिकारीसाहेबांनी आरोप ठेवला : विश्रांतीकाळात जागृत राहून नागरिकांच्या विश्रांतीस बाधा आणणे.

"साहेब, मुद्दाम नाही जागत. भुलीचा परिणाम आहे," लाभशंकरभाई हात जोडून म्हणाले. पेन्शन तोंडावर आली होती, धाकटीचं लग्न व्हायचं होतं.

"मग प्रकृतीच्या कारणाने सेवेस अपात्र. घरी बसा, नाहीतर इथं झोपा."

"झोपलो की नाही, हे तपासणार कोण?"

"दुपारी? वेड लागलंय का लाभुभाई? तुमच्या शब्दावर विश्वास आहे आमचा."

तेव्हापासून लाभशंकरभाई रोज उशीवर डोकं टेकून, डोळे मिटून, टक्क जागे पडलेले असतात. परवा एक बाई उन्हातून आली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता, संध्याकाळच्या गाडीनं मुलाकडे जायचं होतं. "भाई, ओ भाई," करत ती खिडकीवर टकटक करत राहिली. लाभशंकरभाईंचा जीव तुटला. मग ते घोरू लागले.

काय हा माणूस, असं म्हणालात ना? गेल्या रविवारी दुपारी तुमच्या दाराची बेल वाजली, तेव्हा तुम्हीही जागेच होतात.