पन्हाळीवरचे डोमाभाऊ

सकाळी दार उघडावं आणि आपल्याच छपरावरून दोन पाय लोंबकळताना दिसावेत, याची लाखनीतल्या आमच्या गल्लीला सवय झाली होती. ते पाय शेजारच्या डोमाभाऊंचे. विचारण्यात ते वेळ घालवत नसत. शिडी लावायची, टिनाच्या पन्हाळीत हात घालायचा आणि कुजका पाला खाली फेकायचा. खाली कोणी उभं असलं तर ते त्याचं नशीब.

"पाणी थांबून राहिलं जी, बाई," ते वरूनच मला सांगत. मी शाळेत शिकवायची आणि घरातलं प्रत्येक काम वार ठरवून करायची. पन्हाळीचा वार रविवार, असं मी त्यांना ठणकावलं.

"डासाले काय माहीत रविवार?" ते म्हणाले, आणि वाळत घातलेल्या माझ्या साडीवर ओंजळभर चिखल पडला.

आणीबाणी उठल्यानंतरच्या पावसाळ्यात हे वेड फारच वाढलं. भर पावसातही माणूस छपरावर. काहून भाऊ, पंचायतीनं नोकरीवर घेतलं काय, असं लोक चिडवायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला खरं कारण सांगितलं. त्यांची एकुलती सुमन तुमसरला दिलेली. आदल्या वर्षी माहेरी आली ती हिवताप घेऊनच परतली. आता तिचं पहिलं बाळंतपण होतं. सासऱ्यांनी निरोप धाडला होता, की आधी मी येऊन पाहीन, डास दिसले तर सून पाठवणार नाही.

मी त्याच दिवशी पन्हाळीचा वार बदलला आणि घरोघरी जाऊन बाकीच्यांनाही कामाला लावलं.

सासरे आले. पन्हाळी पाहिल्या, नाली पाहिली, रांजणात डोकावले. बोट ठेवायला जागा नव्हती. पण परतीची बस रखडली आणि दिवस कलला. गल्लीमागे धानाची शेतं, बांध्या पाण्यानं भरलेल्या. त्या कोण उपसणार?

मी चहा घेऊन गेले, तर डोमाभाऊ सदरा काढून पाहुण्यांना खेटून बसलेले. वहिनी लाजेनं अर्धमेल्या.

"उकडून राहिलं जी," ते म्हणाले. वारा तर चांगला गार होता.

मग त्यांची पाठ दिसली. पाच-सहा डास निवांत बसले होते. भाऊ हात उचलत नव्हते. चापटीचा आवाज झाला असता. पाहुण्यांच्या अंगावर मात्र एकही नव्हता.

"तुमच्याकडे डास दिसून नाही राहिले, डोमाजी," सासरे म्हणाले. "पोळा झाला का आणून सोडतो सुमनले."

भाऊंनी नुसती मान हलवली. एक ओठावर बसला होता.

बस आली. तसेच उघडे, हात जोडून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पाठभर गांधी उठल्या होत्या. बस हलली तशी मी म्हटलं, "आता खाजवा, भाऊ."

"थांबा जी," ते ओठ न हलवता म्हणाले. "मागच्या काचेतून पाहून राहिले असतील."