पाठीवर आठ-नऊ किलो

तयारी केल्याशिवाय सूनबाई शिंकायचीसुद्धा नाही! छापखान्यात प्रुफं तपासायचं काम, त्यामुळे चूक छापून जायच्या आत पकडायची, हा तिचा घरातलाही बाणा. चिमणीच्या जन्माआधी तिनं बाळाला अंघोळ घालण्याचा क्लास केला होता, आणि चिमणीला दात यायच्या आधी दातांचा. "अगं, दात तिला येणारेत, तुला नाही," असं नवरा म्हणाला होता. पण प्रमाणपत्र मिळालं होतं. ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं.

आणि हीच सूनबाई एका दुपारी नणंदेच्या एका फोनवर, कसलाही विचार न करता, "येते!" म्हणून मोकळी झाली.

नणंद दरवर्षी कुठेतरी पायी भटकणारी बाई. तिच्या गटात एक जागा रिकामी झाली होती. पाच दिवस, नव्वद किलोमीटर, आपलं सामान आपल्याच पाठीवर. सूनबाईला त्यातलं फक्त 'पाच दिवस' ऐकू आलं. गेल्या तीन वर्षांत तिला सलग पाच मिनिटं मिळाली नव्हती, तिथे पाच दिवस!

फोन ठेवल्यावर मात्र ती भानावर आली. तयारीचं काय? गावात एक निवृत्त पोस्टमनकाका 'लांब चालण्याची पूर्वतयारी' असा सहा रविवारांचा क्लास घ्यायचे. तो लावावा का?

"चालायचा क्लास?" नवऱ्याला हसू आवरेना. "चिमणी तेराव्या महिन्यात चालायला लागली. ती कुठल्या क्लासला गेली होती?"

"ती पहिल्याच दिवशी चौदा वेळा पडली होती. मी लिहून ठेवलंय."

"मग तूही पड! क्लासपेक्षा स्वस्त."

क्लास हा झाला एक प्रश्न. खरी गोम दुसरीकडेच होती. ते पाच दिवस चिमणीला सांभाळणार कोण? नवऱ्याची कामाची पाळी बदलती. राहता राहिल्या सासूबाई. आजारपण, परीक्षा, ऑफिसचं काम, कशासाठीही त्या पदर खोचून उभ्या राहायच्या. पण 'चालायला जाते' हे कारण त्यांच्या यादीत नव्हतं. त्यांच्या मते माणसानं चालायचं ते कुठेतरी पोचायला. त्यामुळे सूनबाईनं बेत आखला: आधी क्लासचं नक्की करायचं, मग चांगला मुहूर्त बघून सासूबाईंना विचारायचं. तोवर अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात दबक्या आवाजात नणंदेशी फोनवर बोलत होती. सासूबाई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कानांची घडी घालायची पद्धत अजून निघालेली नाही, त्यामुळे त्यांना इकडची बाजू ऐकू आली ती अशी:

"पाठीवर एकदा घ्यायचंच ठरवलंय, ताई... हो ना, चिमणी तीन वर्षांची झाली, आता नाही तर कधी?... छे! आईंना अजून काही बोलले नाहीये... वजन आठ-नऊ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही ना?... सात महिने आहेत की हातात... क्लास लावू की नको, तेवढंच ठरत नाहीये."

सासूबाईंच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. चिमणीच्या पाठीवर! सात महिने! आणि ही घुमी पोरगी सासूला सोडून नणंदेला सांगते! पण राग टिकेना. त्या चटकन उठल्या आणि खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकूंकडे गेल्या. फक्त टेलरकाकूंकडे. "अजून कुणाला बोलू नका हं," असं बजावून सांगितलं. मग तसंच बजावून आणखी दहा घरी सांगितलं.

संध्याकाळी सूनबाई सरावाला लागली. पाठपिशवीत शब्दकोशाचे चार खंड घालून ती अर्धा जिना चढली, तेवढ्यात मागून आरोळी आली, "ठेव ते खाली!"

सूनबाईनं पिशवी सोडली. शब्दकोश धडाधड सात पायऱ्या उतरला.

"मला सगळं कळलंय," सासूबाई म्हणाल्या.

"ताईंनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला काय कान नाहीत?"

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागवायचं काय त्यात! उलट उशीरच केलास म्हणते मी."

सूनबाईला स्वतःला चिमटा काढावासा वाटला. "मला वाटलं, तुम्ही म्हणाल एकटीनं कशाला..."

"एकटीनं?" सासूबाई गोंधळल्या. "आणि तो?"

"त्याला नाही जमणार, आई. त्याचे गुडघे दुखतात."

सासूबाईंनी आपल्या मुलाच्या गुडघ्यांचा आणि या प्रकरणाचा संबंध लावून पाहिला. लागेना. शेवटी, काही गोष्टी आईनं विचारू नयेत, म्हणून त्यांनी विषय बदलला. "तो क्लास लाव बरं का. आमच्या वेळी कुठे होतं असलं! श्वास कसा घ्यायचा तेसुद्धा शिकवतात म्हणे."

"हो, शेवटी शेवटी फार दम लागतो ना!"

"लागतोच! मी सांगते ना, दोनदा गेलेय त्यातून."

सासूबाई दोनदा नव्वद किलोमीटर चालल्यात? सूनबाई थक्कच झाली. या घराण्यात रक्तातच आहे म्हणायचं!

"आणि चिमणीची काळजी सोड. मी बघीन तिला. हवे तितके दिवस."

सूनबाईनं वाकून नमस्कार केला, तर सासूबाई पुन्हा ओरडल्या, "वाकू नकोस!"

झालं! क्लासमध्ये नाव गेलं. रविवारी सासूबाई हट्टानं सोबत निघाल्या, एका काखेत उशी आणि दुसऱ्या हाताला चिमणी. चिमणीचा बाप झोपला होता.

शाळेच्या हॉलमध्ये बारा शिकाऊ जमले होते, पैकी आठ पुरुष. त्यातले तिघे तर साठीचे. हल्ली नवरेसुद्धा क्लासला येतात हे सासूबाईंनी ऐकलं होतं. पण नुसतेच नवरे? आणि या वयाचे?

पोस्टमनकाकांना अजूनही पिशवी दिसली की तोलून पाहायची सवय होती. त्यांनी सूनबाईची पिशवी उचलली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "बारा किलो! काय आणलंय, बाई?"

"लागणारंच सगळं," सूनबाई म्हणाली.

काकांनी बाकावर एकेक जिन्नस काढून ठेवला. तीन विजेऱ्या. दोन थर्मामीटर. ("एक बिघडला तर?") जुलाबाची औषधं, जुलाब थांबल्यावर द्यायची औषधं. सुई-दोरा. चिमणीचा फोटो, काचेच्या चौकटीसकट.

"पुढच्या रविवारी निम्मं करू. आज आहे तेवढं घ्या पाठीवर आणि हॉलला दहा फेऱ्या मारा. चला!"

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत सूनबाईचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. तिसरीत पाय असे वाकले की ती चालतेय की बसतेय तेच कळेना.

सासूबाई उशी टाकून धावल्या. "अहो, उतरवा ते! माणूस आहात की कोण? दोन जिवांची आहे ती!"

सगळा हॉल जागच्या जागी थांबला.

"कोण?" काकांनी विचारलं.

कोण ते बघायला सूनबाईनंही मागे वळून पाहिलं. मागे फक्त पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. ते घाईघाईनं म्हणाले, "मी नाही हो!"

"अगं, तूच ना म्हणालीस? चिमणीच्या पाठीवर..."

"माझ्या पाठीवर, आई! माझ्या! ही पिशवी!"

मग बाकावर बसून, एकेक वाक्य तपासत, दोघींनी सगळं पुन्हा जुळवलं. सात महिने. वजन. शेवटचा दम. गुडघ्यांपाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे."

त्यांनी पडलेली उशी उचलून मांडीवर घेतली. "म्हणजे तुला नुसतं चालायला जायचंय."

"हो."

"पोचायचं कुठे?"

"कुठेच नाही. जिथून निघतो तिथेच परत."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आता हातचं गेलं, हे सूनबाईला कळलं, आणि मग काहीच तयारी न करता तोंडातून निघून गेलं, "आई, तीन वर्षांत मी एकटी अशी कुठे गेलेच नाही. अंघोळीला गेले तरी दाराखालून हिची बोटं येतात."

चिमणी काचेची चौकट चाटत होती. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"माझ्या वेळी दोघांची यायची," त्या म्हणाल्या. मग उशी झटकून उठल्या. "पाच दिवस मी बघीन हिला. पण क्लास पुरा करायचा. तिसऱ्या फेरीतली तुझी अवस्था पाहिलीय मी. आणि अकरा घरी मी सांगून बसलेय, तिथे जाऊन खरं काय ते तू सांगायचं. मी नाही जाणार. मला तोंड आहे का आता?"

सूनबाई अकराच्या अकरा घरी गेली. पहिल्या घरी म्हणाले, "बरोबर आहे, तीन महिने सांगू नयेच." दुसऱ्या घरी डोळा मिचकावला. सातव्या घरातल्या आजोबांनी तर हळूच दोन सफरचंदं हातात ठेवली.

टेलरकाकूंकडे ती मुद्दाम शेवटी गेली. त्यांची सहा झबली शिवून तयार होती. सूनबाईनं त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी प्रुफ वाचून दाखवावं तसं, सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं मला. काही नाही म्हणतेस ना? मग नाही."

"नक्की कळलं ना?"

"अगं हो!"

सूनबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. "मग आता आलेच आहे, तर चालण्यासाठी एक पँट शिवून द्या. सात महिन्यांनी लागेल."

काकूंनी टेप काढली, कंबर मोजली, वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढे आणखी काहीतरी खरडलं. सूनबाईनं सवयीनं वाकून वाचलं: 'बाजूला चार इंच दाब ठेवणे, पुढे उसवून सैल करता येईल.'

"चार इंच कशाला, काकू?"

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "मी नाही कुणाला सांगत."