पाणमांजर दिसल्याचा दावा

पुराव्याशिवाय घेतलेलं सुख हे सुख धरलं जात नाही, हे आता सगळ्या सुज्ञ समाजाने मान्य केलं आहे. आमचे तपासनीस तर या बाबतीत काळाच्या पुढे होते. विमा कंपनीत जळालेल्या, बुडालेल्या आणि (मालकाच्या म्हणण्यानुसार) आपोआप घसरलेल्या गाड्यांचे दावे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. फोटो आणि साक्षीदार असल्याशिवाय ते सूर्योदयही मान्य करत नसत. त्यांची बायको दातांची डॉक्टर. डॉक्टरबाईंचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या तोंडात जायचा, म्हणून घरी त्या कमी बोलायच्या.

दोघं गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघाले होते. वाटेत एक दिवस समुद्राकाठी निव्वळ आराम करायचा, असं ठरलं होतं. आरामाची आखणी तपासनिसांनी जातीने केली होती : पोचल्याबरोबर आराम, मग जेवण, मग जेवणाचा आराम, मग खडकांवर वन्यजीवदर्शन. (हेही आरामातच मोडत होतं.) किनाऱ्यावर पाटी होती, ‘येथे पाणमांजरे दिसतात.’ खाली बारीक अक्षरात, ‘न दिसल्यास तक्रार स्वीकारली जाणार नाही.’ ही चोख भाषा वाचून तपासनिसांना ऑफिसात आल्यासारखं प्रसन्न वाटलं.

खडकांवर बरीच मंडळी होती. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण, हातात फोन आणि पाठ समुद्राकडे. कारण समुद्रासकट स्वतःचा फोटो काढायचा तर समुद्राकडे पाठ करावीच लागते.

तपासनीस वाकून थर्मासमधला चहा ओतत होते, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी त्यांचा दंड धरला. त्यांनी मान वर करीपर्यंत पाणी शांत झालं होतं.

“पाणमांजर,” बाई म्हणाल्या. “उताणं पडून मासा खात होतं.”

तपासनिसांचा बायकोवर विश्वास होता, पण तो खाजगी स्वरूपाचा. त्यांनी चौकशी केली : किती लांब होतं, ऊन डोळ्यांवर होतं का, आणि ते तरंगतं लाकूड नव्हतं कशावरून. लाकूड मासा खात नाही, असं बाईंनी सांगितलं. मासा आणखी कुणी पाहिला का, असं तपासनिसांनी तितक्याच शांतपणे विचारलं.

बाईंनी कप खडकावर ठेवला आणि त्या किनाऱ्याने चालू लागल्या.

तपासनिसांनी प्रथम हा प्रकार ‘फेरफटका’ या सदरात धरला. पण त्या मागे वळून बघत नाहीत हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी ते सदर खोडलं. खोटं बोलणारी माणसं तपासता तपासता खरं बोलणारं माणूस दिसतं कसं, तेच ते विसरले होते. आणि हे माणूस तर रोज त्यांच्यासमोर जेवायला बसायचं.

ते लगबगीने बाईंच्या मागे निघाले. ओल्या खडकावर पाय सटकला आणि ते सपशेल बसले. त्याच वेळी अगदी समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, एक डोकं पाण्यातून वर आलं. मिशांवरून पाणी निथळत होतं, तोंडात खेकडा होता. वरिष्ठांनी नव्या कारकुनाकडे बघावं तसं पाणमांजराने त्यांच्याकडे पाहिलं, कडकन खेकडा फोडला आणि बुडी मारली. फोन खिशातच होता. तपासनिसांना तो आठवलाच नाही.

ओल्या विजारीनिशी त्यांनी बायकोला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं की दावा कमालीचा तकलादू आहे. साक्षीदार नाही, फोटो नाही, आणि अर्जदार नुकताच आपटलेला. मघाशी चुकलंच माझं, हेही त्यांनी जोडून टाकलं. (असं वाक्य त्यांच्या एकाही अहवालात सापडत नाही.)

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“दात कसे होते त्याचे?”

“पुढचे सुळे अणकुचीदार. मागचे रुंद.”

“बरोबर,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या विजारीवरची वाळू झटकू लागल्या.

मग दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिले. हे आखणीत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ही हकीकत सगळ्यांना सांगितली. मेहुणे म्हणाले, असेल. शेजारीण म्हणाली, मुंगूस असेल. फोटो नाही म्हटल्यावर विषय पेट्रोलच्या भावावर गेला. इतक्या जवळ कधी पाणमांजर येतं होय, असं आपल्याही मनात मघापासून आलं असेल. शंका रास्त आहे. फोटो असता तर ती आली नसती. पण मग आपण हे एवढं वाचलंही नसतं. फोटोखाली नुसता अंगठा उमटवून पुढे गेला असतात, पूर्वी लिहिता-वाचता न येणारे उमटवायचे तसा.